जावा मिसिंग मारते तेव्हा

जुनी मोटारसायकल दुरुस्त करायला तीन गोष्टी लागतात: प्लगचा पाना, फीलर गेज आणि जमलेल्या मंडळींना लांबच्या टपरीवर चहाला पाठवण्याची युक्ती. पहिल्या दोन बाजारात मिळतात.

कोल्हापूरला मंगळवार पेठेत माझ्या मामांकडे 1969 ची जावा आहे. मरून रंग, टाकीच्या दोन्ही गालांवर क्रोम, आणि हेडलाइटच्या डोक्यात खुपसायची खिळ्यासारखी चावी. चावी सापडली नाही तर खरा खिळाही चालतो. त्यामुळे या गाडीच्या मालकाला चावी हरवण्याची भीती नसते, गाडी हरवण्याची असते. कंपनी मूळची प्रागची, 1929 सालची. आपल्याकडे 1961 पासून म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यात या गाड्या तयार व्हायला लागल्या. 250 सीसी, टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर. व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, इंजिनासाठी ऑइल पंप नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला 40 मिलिलिटर. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एवढा आत हलणारा मुख्य संसार. बिघडायलासुद्धा काही तरी असावं लागतं, ते हिच्यात फारसं नाहीच. म्हणूनच हिच्याबद्दल प्रत्येकाला मत असतं.

तर ही जावा मिसिंग मारायला लागली. घरून निघताना ठणठणीत असायची. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडला की आचके द्यायची, रेस केली की खोकायची आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला लागण्याआधी गप्प व्हायची.

कोल्हापुरात गाडी बंद पडणं ही खासगी घटना नसते. मिनिटभरात माणसं जमतात. पहिला आलेला माणूस न विचारता टाकीचं झाकण उघडतो, आत डोकावतो आणि "पेट्रोल हाय की!" असं जाहीर करतो. दुसरा किक शोधतो. जावाला किक वेगळी नसते. गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, तीही डाव्या बाजूला. हे माहीत नसलेला माणूस गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो आणि शेवटी "किक चोरीला गेली वाटतं" म्हणून हळहळतो.

शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी पहिलं निदान केलं. दोन्ही सायलेन्सरमागे आळीपाळीने हात धरून ते म्हणाले, "डावा सिलिंडर काम करत नाही."

"मास्तर, सिलिंडर एकच आहे," मामा म्हणाले.

"मग सायलेन्सर दोन कशाला?"

प्रश्न तसा रास्त आहे. एकाच सिलिंडरला धूर सोडायची दोन तोंडं आणि त्यांना दोन नळकांडी, अशी तिची रचनाच आहे. पण सबंध आयुष्य वर्गात उत्तरं दिलेल्या माणसाला हे पटवणं मामांच्या आवाक्याबाहेरचं होतं. मास्तरांनी कार्बोरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकला, परत बसवला, आणि गाडी चालू झाली! त्या दिवशी पेठेत मास्तरांचा भाव वधारला.

पुढच्या रविवारी गाडी त्याच जागी बंद पडली. मामांचे जावई पुण्याहून आले होते. त्यांनी नवा प्लग घातला, गाडी चालू. नंतर एका पैलवानांनी दुसऱ्या गिअरमध्ये ढकलली, तरी चालू. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका केमिस्टसाहेबांनी सगळं खापर इथेनॉलवर फोडलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि जुन्या रबरी वायसरांचा लगदा होतो, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण ज्या उसावर त्यांचा प्रॉव्हिडंट फंड उभा राहिला, त्याच उसाने आपली जावा मारावी याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. त्यांनी पेट्रोल आहे ना हे पाहिलं, पाणी मिसळून जावं म्हणून गाडी गदागदा हलवली, आणि तीही युक्ती लागू पडली.

ज्याच्या त्याच्या उपायाला गुण येत होता. बरी मात्र गाडी होत नव्हती.

शेवटी मामांनी उद्यमनगरातला जुना मिस्त्री गाठला. त्याने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "काका, आजवर किती जणांनी हात लावलाय?" यादी ऐकून त्याने डोळे मिटले. मग एकच अट घातली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या की गाडी कशाने सुधारली हे कळत नाही आणि कशाने बिघडली हे तर त्याहून कळत नाही.

तो स्वतः गाडी घेऊन पुलापलीकडे गेला. आचके सुरू होताच त्याने इंजिन तिथेच बंद केलं आणि प्लग काढून आणला. प्लगचं टोक चॉकलेटी असेल तर तब्येत उत्तम, काळं काजळलेलं असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी दुबळी. हा निघाला पांढरट. म्हणजे इंजिन उपाशी होतं.

तरी त्याने घाई केली नाही. म्हणाला, आधी टायमिंग बघू. पॉइंट पॉलिशपेपरने साफ केले, 0.4 मिलिमीटरची फट लावली. पिस्टन वर येताना, सर्वांत वरच्या बिंदूच्या साधारण तीन मिलिमीटर अलीकडे पॉइंट उघडले पाहिजेत. ते नेमके कधी उघडतात हे बघायला पॉइंटांच्या मध्ये सिगारेटचा पातळ कागद धरतात. क्रँक फिरवत न्यायचा. कागद सुटून हातात आला की तोच क्षण.

"सिगरेटचा कागद हाय का कुणाकडं?" मिस्त्रीने विचारलं.

शांतता पसरली. मामांच्या घरात सुपारीसुद्धा लपवून खावी लागते. बराच वेळ कुणी बोलेना. मग हेडमास्तरांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता पुढे केलं. त्या एका कागदासाठी पेठेने त्यांचा डावा सिलिंडर माफ केला.

टायमिंग लागलं. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढल्या, त्यांतून निघालेल्या कोळशावर चहा झाला असता. गाडी रिकाम्या चालीवर 'डिग… डिग-डिग… डिग' करायला लागली. जावईबापू म्हणाले, अजून मिसिंग आहे. मिस्त्रीने हात जोडले. भार नसताना टू-स्ट्रोक इंजिन मधल्या फेऱ्या गाळत पेटतं. तो तिचा स्वभाव आहे, त्याला औषध नाही. माझंही मत तेच. शिलाई मशीनसारखी एकसुरी चालणारी जावा ज्याला हवी आहे, त्याने शिलाई मशीन घ्यावं.

पण पुलापलीकडे पुन्हा तेच. या खेपेला मिस्त्रीने कुणालाच जवळ येऊ दिलं नाही. गाडी बंद पडल्यावर कान टाकीला लावला आणि झाकण हळूच सैल केलं. 'फुस्स!' हवा आत गेली. मग झाकण उलटं करून त्याने सगळ्यांना दाखवलं. टाकीतलं पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तेवढी हवा आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की आत पोकळी तयार होते, पेट्रोल अडतं, इंजिन उपाशी राहतं. झाकण उघडलं की पुन्हा पाच-सहा किलोमीटरची निश्चिंती. मास्तरांची फुंकर, जावयांचा प्लग, पैलवानांचा धक्का, केमिस्टसाहेबांची झटापट, या सगळ्यांना गुण आला होता तो आधी कुणी तरी झाकण उघडून "पेट्रोल हाय की" म्हटलं होतं म्हणून.

छिद्रात काय होतं? मिस्त्रीने पिनेने उकरलं. वॅक्स पॉलिश, आणि त्यात घट्ट बसलेलं हळदकुंकू. खंडेनवमीला मामी जावाची पूजा करतात. वाहनाच्या माथ्यावर गंध हवं, आणि जावाचा माथा म्हणजे टाकीचं झाकण. वर्षानुवर्षांची भक्ती तिथे साचली होती.

मामींना हे कोण सांगणार यावर बरीच चर्चा झाली. मास्तर म्हणाले, माझी सिगारेट कळली आहे, आता माझ्याकडे आणखी काही गमवायला नाही. तरी त्यांनी सांगितलं नाही. यंदा मामांनी स्वतः गंध लावलं, पुढच्या मडगार्डवर.

जावा आता पन्हाळ्याचा चढ न थांबता चढते. पैलवान अजूनही सांगतात की ती त्यांच्या धक्क्याने सुटली. तुमची जुनी गाडी अशीच पाच-सहा किलोमीटरवर दम तोडत असेल, तर कार्बोरेटर खोलण्याआधी टाकीचं झाकण सैल करून बघा. फुस्स आवाज आला, तर झाकण उलटं करून गुपचूप पिनेने साफ करा आणि घरात सांगा की प्लग गेला होता.