वाटेत सातारा लागतो

साताऱ्यात घर असलं की आपल्याकडे पाहुणे येत नाहीत, ते आपल्यावरून जातात. म्हणजे तसे येतात, जेवतात, मुक्कामही करतात, गिझरचं बटण कुठंय ते विचारतात. पण निघालेले असतात महाबळेश्वरला, नाहीतर कासला, नाहीतर ठोसेघरला. "म्हटलं, वाटेवरच आहे तर तुम्हालाही भेटून जाऊ," असं म्हणत चपला काढतात आणि त्याच दमात चार्जर कुठं लावायचा म्हणून भिंती न्याहाळायला लागतात.

बरं, याला हंगाम म्हणावा तर तसंही नाही. पावसाळ्यात ठोसेघरचा धबधबा, सप्टेंबरात कासची फुलं, दिवाळीत सज्जनगड, थंडीत स्ट्रॉबेरी आणि मे महिन्यात महाबळेश्वरची हवा. आमच्या गाद्यांना ऊन दाखवायला म्हणून सवड मिळत नाही.

येण्याआधी फोन येतो. "काय काय बघण्यासारखं आहे हो तुमच्याकडे?" सुरुवातीला मी फार मनापासून सांगत असे. बामणोलीहून लाँचने जा, वासोट्याला जायचं तर वनखात्याची परवानगी काढा, भिलारला पुस्तकांचं गाव आहे, 2017 साली झालं, घराघरांत पुस्तकं मांडलीत, खुशाल वाचत बसा. पलीकडून "हो का, वा वा" असं ऐकू येतं आणि मग मूळ प्रश्न येतो, "पण महाबळेश्वरला घोडे कुठल्या पॉइंटला असतात?" आता माझी खात्रीच झाली आहे की माणूस सल्ला मागतो तो ठरवण्यासाठी नव्हे, ठरलेलं आहे त्याला आपण मान डोलवावी म्हणून. आणि निघताना तो कपडे विसरेल, औषधं विसरेल, पण आपला जिल्हा डिकीत घातल्याशिवाय निघायचा नाही.

पुणेकरांचंच घ्या. महाबळेश्वरला जाणारा पुणेकर सुरूर फाट्यावरूनच वाईकडे वळतो, त्याला साताऱ्याची गरजच पडत नाही. तेव्हा आमच्या दारात जो पुणेकर उतरतो तो कासचा, म्हणजे अभ्यास करून आलेला. माझी आतेबहीण आली ती फुलांच्या नावांची छापील यादी आणि भिंग घेऊन. यवतेश्वरच्या घाटात गाडी चढत असतानाच तिनं मला विचारलं, "टोपली कारवी किती वर्षांनी फुलते?" मी म्हटलं, "सात." "बरोबर," ती म्हणाली. मी गाडी चालवत होतो, पण त्या क्षणी तोंडी परीक्षेला उभा असल्यासारखा घाम फुटला. पठारावर तिनं आम्हाला सगळ्यांना एका ओल्या कातळाशी उकिडवं बसवलं. तिथं सीतेची आसवं फुलली होती. करंगळीच्या नखाएवढं जांभळं-निळं फूल, मधोमध पांढरे ठिपके, वाऱ्याची झुळूक आली की सगळा गालिचा एकदम शहारतो. "दिसायला नाजूक आहे," बहीण म्हणाली, "पण मांसाहारी आहे बरं का. मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्यात किडे ओढून घेते." तिचे यजमान इतका वेळ गप्प होते. ते हळूच म्हणाले, "सदाशिव पेठेतपण आहेत असे पुष्कळ."

दुपारी एक ते चारचा विनोद मी पुणेकरांसमोर करत नाही. तो तेच आधी करतात, आणि आपल्यापेक्षा चांगला करतात.

माझे साडू नागपूरचे. ते येतात मे महिन्यात, आणि येताना संत्रा बर्फीचे इतके डबे आणतात की गल्लीत वाटून झाल्यावरही दूधवाल्याला एक देता येतो. साडूंसारखा दिलदार माणूस मी पाहिला नाही. हॉटेलात बिल आलं की ते वेटरला मिठीच मारतात. दुसऱ्या कोणाचा हात त्याच्यापर्यंत पोचायची सोय ठेवत नाहीत. फक्त त्यांच्यापुढे उन्हाचा विषय काढायचा नाही. साताऱ्यात पारा चाळिशीच्या आसपास गेला की आम्ही पडदे ओढून पंख्याखाली आडवे होतो. साडू अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचतात. "याला ऊन म्हणता काय जी तुम्ही? हे तर आमच्या इथलं सकाळचं आहे." हाच गृहस्थ महाबळेश्वरला संध्याकाळी कानटोपी, मफलर आणि पत्नीची शाल एकावर एक चढवून बाजारात मक्याचं कणीस खात हिंडतो.

ऑर्थर सीटला मी त्यांना घेऊन गेलो. खाली सावित्रीचं खोरं, समोर कोकणात उतरत गेलेले कडे. भल्याभल्यांची बोलती बंद होते तिथं. साडूंनी दरी नीट पाहून घेतली आणि म्हणाले, "चांगली आहे. पण यात वाघ आहे का?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला सह्याद्रीकडे उत्तर नाही. पुढचा तासभर ताडोबा. वाघीण बछड्यांना घेऊन जिप्सीसमोरून कशी गेली, पाणवठ्यावर कशी बसली, डोळ्यांत डोळे घालून कशी पाहत होती. मी विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात?" साडू चकितच झाले. "आम्ही कायले जाऊ? तो आपल्या इथलाच आहे ना!"

कोल्हापूरकरांवर फार लिहावं लागत नाही, कारण ते फार थांबत नाहीत. सातारा म्हणजे त्यांच्या लेखी नाष्ट्याचा थांबा. मिसळ मागवतात, एक घास घेतात, एकमेकांकडे बघून दुःखी होतात आणि दुपारच्या आत पांढऱ्या रश्श्याच्या टप्प्यात परत पोचतात. मुंबईकर तर अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नाहीत. "पहाटे चारला निघालो तर खंबाटकी लागेल का?" असा त्यांचा प्रश्न असतो. खंबाटकी लागणारच, भावा. घाट आहे तो, कुठं जाणार?

आमचे व्याही मालवणचे. हा माणूस स्वतःच्या गावाची शिफारस कधीच करत नाही. जगभरातून माणसं तारकर्लीला येतात, पण यांना विचारलं की म्हणणार, "थंय काय आसा? पाणी आसा आणि वाळू आसा." कासच्या पठारावर मैलभर फुलं पसरलेली, बायाबापड्या फोटो काढतायत, पोरं ओरडतायत आणि व्याही मागे हात बांधून उभे. बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी येऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ह्येचो सातबारो कोणाच्या नावार?" सरकारी जमीन आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. ज्या जमिनीवर चुलत्यांशी दावा लावता येत नाही तिच्यात कोकणी माणसाला कसला रस?

हे सगळे नमुने मी चारचौघांत रंगवून सांगतो, लोक हसतात. पण लातूरचे एक सहकारी आले त्यांनी माझी पंचाईत केली. मराठवाड्याचा माणूस म्हटल्यावर दुष्काळाचं बोलणार, अनुशेषाचं बोलणार, अजिंठा-वेरूळ आमच्याकडे असून तुम्ही मेले कधी येत नाही म्हणून रागावणार, अशी माझी तयारी होती. ते बोलले यातलं काही नाही. ठोसेघरला धबधबा बघून एवढंच म्हणाले, "एवढं सगळं खाली सोडून देता होय?" दुसऱ्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाण्याची धार पडते, कृष्णा तिथं उगवते असं आपण सांगतो. त्यांनी ओंजळ भरली, प्यायले, दुसरी भरली. मी माहिती द्यायला सुरुवात केली तर म्हणाले, "ओळखीचं आहे की. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आलं होतं आमच्याकडं, वाघिणी भरून. त्या वेळी उभं राहून घ्यावं लागलं, नीट बघणं झालं नव्हतं. म्हणून आलो." आणि स्वतःच खदखदून हसले. जाताना आईसाठी बाटली भरून नेली. ते सोडले तर आमच्यावरून गेलेल्या पाहुण्यांत मूळ ठिकाण बघायला म्हणून आलेला दुसरा कोणी मला आठवत नाही.

सातारकरांबद्दल बाहेर काय समज आहेत तेही सांगून टाकतो. एक, आमच्या प्रत्येक घरात कोणीतरी फौजेत असतो. हे बऱ्यापैकी खरं आहे. अपशिंगे गावाला तर 'मिलिटरी' हे नावच चिकटलंय. दोन, आम्ही सदैव भांडत असतो. हे खोटं. "जेवल्याबिगर जातोस कसा, बघतोच!" ही आमच्याकडची आग्रहाची रीत आहे, परगावचा माणूस पोलिसांना फोन करायला धावतो त्याला आम्ही काय करणार? तीन, आमच्याकडे कंदी पेढे फुकट मिळतात. हा समज नातेवाइकांनी पसरवला आहे.

आणि आम्ही स्वतः सुट्टीत जातो कुठं? गुहागरला. कराडवरून कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण, पुढं समुद्र. घरगुती खानावळीतल्या काकूंनी विचारलं, "कुठले तुम्ही?" सातारा म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. "अगो बाई, आम्ही महाबळेश्वरला जाताना तुमच्यावरूनच गेलो की!" संध्याकाळी किनाऱ्यावर सगळे पाण्याकडे बघत बसले होते. मी बायकोला म्हटलं, "आपल्या कोयनेचा शिवसागर असाच दिसतो, नाही? आणि खारट पण नाही." बायको माहेरची विदर्भातली. ती नुसती हसली.

तरी सवयीप्रमाणे एक शिफारस करतोच, कोणी ऐकत नाही हे माहीत असून. लिंब गावाला बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळातली, 1719 ते 1724 अशी पाच वर्षं बांधकाम चाललं, वीरूबाई भोसले यांनी करवून घेतलं. अष्टकोनी, अख्खी दगडात, आणि आत चक्क महाल. पायऱ्या उतरत गेलं की भर मे महिन्यात अंगावर गारवा येतो. भिंतीवर शरभ कोरलेत, वर बारा मोटा एकदम चालतील अशी थारोळी. घोडे नाहीत, स्ट्रॉबेरी क्रीम नाही, वाघ आहे तोही दगडाचा. पुण्याकडून येताना ही विहीर साताऱ्याच्या अलीकडेच, महामार्गापासून जवळ लागते. तिच्यासाठी आमच्या घरापर्यंत यायची मुळीच गरज नाही.