आचाऱ्याचे भौगोलिक मानांकन

आचारी हा हिंगोली जिल्ह्यातला सर्वपक्षीय प्राणी आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला; हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके वाट्याला आले. कार्यालये फुटली, पाट्या बदलल्या, कढया मात्र फुटल्या नाहीत. परभणीतच राहिलेल्या जिंतूरचा आचारी औंढ्याच्या लग्नात आजही बुंदी पाडतो आणि त्याला कोणी सीमाप्रश्न म्हणत नाही.

आचाऱ्याची हत्यारे पाच: झारा, उलथणे, कढई, भगुणे आणि अंदाज. पहिली चार भाड्याने मिळतात. गिऱ्हाईक माणसे सांगते, आचारी पाने धरतो. वधूपिता पाचशे म्हणाला तर शिधा सातशेचा भरायचा, कारण बाप खर्चाच्या धास्तीने कमी सांगतो. कार्यकर्ता पाच हजार म्हणाला तर तीन हजारांचा, कारण त्याचा आकडा बातमीसाठी असतो. सभेला खरोखर किती माणसे आली, हे उरलेल्या पुऱ्यांवरून नेमके कळते. पण निवडणुकीचा कल सांगणाऱ्या संस्था भट्टीकडे फिरकत नाहीत.

पंगतीचे मुख्य प्रकार चार. पहिली लग्नाची: येसरची आमटी, वांग्याची भाजी, पुरी, भात आणि रुसलेला एखादा मामा. दुसरी सप्ताहाची. काल्याच्या दिवशी सगळे गाव एका ओळीत जेवते आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या आळीत परत जाते. याच जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आहे. ती कीर्तनात दरवर्षी सांगितली जाते. तूप त्यानंतर कोणाच्या पोळीवर पडते, हे वाढपी ठरवतो.

तिसरी पंगत कंदुरीची. नवस हिंदूचा, पीर मुसलमानाचा, सुरी मुलाण्याची, मसाला आचाऱ्याचा आणि रस्सा गावाचा, अशी तिची जुनी वाटणी आहे. राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहिणाऱ्यांना ती सहसा दिसत नाही, कारण निबंध शाळेत लिहिले जातात आणि बोकड गावाबाहेर शिजतो.

चौथी पंगत निवडणुकीची. आचारसंहिता हा शब्द आचाऱ्यावरूनच आला असावा, असे वाटण्याइतकी त्या काळात त्याला मागणी असते. हिंगोली लोकसभेचे २६ एप्रिल २०२४ चे मतदान ऐन लग्नसराईत पडले. उमेदवाराला खर्चाची मर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये. चहा, नाश्ता आणि थाळी यांचे दर जिल्हा निवडणूक कार्यालय आधीच ठरवून देते आणि त्या दराने हिशेब धरला जातो. नोंदवही वाचली तर लोकशाही चहा-पोह्यांवर चालते असा समज होतो. रस्सा शिजतो तो कोणाच्या तरी वाढदिवसानिमित्त. प्रचाराच्या पंधरवड्यात एकाच कार्यकर्त्याचे दोन-दोन वाढदिवस येतात, ही बाब जन्म-मृत्यू नोंदणीच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. निकालानंतर जिंकलेला उमेदवार मुंबईला असतो आणि हरलेला दवाखान्यात. म्हणून जाणता आचारी भट्टी पेटवण्याआधीच पैसे घेतो.

मंडपात हजार माणसे जेवतात, तिथे आचाऱ्याची जात कोणी विचारत नाही. चार माणसांच्या घरात पहिला प्रश्न तोच असतो. पुण्यात २०१७ साली सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या एका बाईंनी जात लपवली म्हणून पोलिसांत फसवणुकीची तक्रार झाली. पुढे ती मागे घेतली गेली. तक्रार मिठाची नव्हती, आडनावाची होती. शाळेतल्या पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंना महिन्याला २५०० रुपये मानधन आहे. त्यांच्या पातेल्यात २०२३ च्या अखेरीस सरकारने अंडे घातले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे काढून घेतले. ज्यांना अंडे हवे त्यांनी लोकसहभागातून आणावे असे सांगितले. अंड्याला विचारसरणी असते, ही माहिती त्या बाईंना शासन निर्णयातून मिळाली.

मोठ्या जनावराच्या मटणाची कथा आणखी लांब आहे. गोवंश हत्याबंदीचे विधेयक १९९५ चे; राष्ट्रपतींची मंजुरी २०१५ ची. वीस वर्षे मंद आचेवर ठेवावा लागणारा दुसरा पदार्थ मराठी पाकशास्त्रात नाही. त्याच २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजत आले, याची ती नोंद आहे. हॉटेलांच्या पाटीवर ‘मराठवाडा स्पेशल’ म्हणून जे रंगवले जाते, त्यात या पुस्तकातले पदार्थ सहसा नसतात. मराठवाड्याची चव सगळ्यांना हवी असते. ती कोणाच्या चुलीवरची, एवढे मात्र पाटीवर नको असते.

शेवटचा विषय हळदीचा, कारण वरील चारही पंगतींत ती असते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्या संशोधनासाठी तालुक्यात बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे केंद्रही आहे. हळद कोणत्या मातीतली हे सांगितले की भाव चढतो. ती कढईत टाकणारा कोणत्या आळीतला हे सांगितले की काम जाते. आचाऱ्याच्या कार्डाची रचना यावरूनच ठरते. वर गणपती, खाली दोन मोबाइल नंबर, मधे ‘शुद्ध शाकाहारी व मांसाहारी ऑर्डर स्वीकारल्या जातील’ आणि नावापुढे ‘महाराज’. आडनावाला जागा उरत नाही.