सोळा सोमवार, बुधवार, शुक्रवार

चामखीळ मानेवर आली की माणूस ती चारचौघांत दाखवतो आणि ते चौघेही चार उपाय सांगतात. आमच्या सांगलीकडचा हुकमी उपाय म्हणजे घोड्याचा केस बांधायचा. माझी चामखीळ मात्र भलत्याच जागी उगवली. घोडा मिळाला असता, बंगळूरला भर शहरात रेसकोर्स आहे. पण केस बांधून कुणाकडून घ्यायचा? एकीच्या तीन झाल्या, तेव्हा बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दोघंही जाऊ डॉक्टरकडे."

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई कन्नड आणि कमालीच्या शांत. ही ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसची करामत, म्हणाल्या, बहुतेक 6 किंवा 11 नंबरच्या प्रकाराची. कॅन्सरशी संबंध असलेले 16 आणि 18 ते वेगळे. बायकोने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी ते बरोबर टिपलं. "हा विषाणू कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. कुणाकडून, कधी आला ते सांगता येत नाही." त्यांची फी माझ्यापुरती तिथेच वसूल झाली. मग बायकोचीही तपासणी झाली. आमच्या बारा वर्षांच्या लेकीसाठी लशीचा विषय निघाला. पुण्याच्या सीरमची 'सर्वाव्हॅक' हे चारही नंबर अडवते, पण आलेल्या चामखिळी काही घालवत नाही. म्हणजे झाल्यावर ज्याचा उपयोग नाही, ते पुण्याहून वेळेत मागवायला हवं होतं.

"आयुर्वेदिक काही?" मी चाचरत विचारलं. बाई हसल्या. हिमालयातल्या बनककडी नावाच्या झाडाच्या मुळापासून पोडोफायलिन काढतात, म्हणाल्या. दवाखान्यातच लावायचं, काही तासांत धुवायचं, आणि गरोदर बाईला वर्ज्य. झाडाचं म्हणून सौम्य, असं काही नसतं. मला त्यांनी इमिक्विमॉडचं 5 टक्क्यांचं क्रीम लिहून दिलं.

औषधाच्या दुकानात पोऱ्याने चिठ्ठी वाचली आणि भर गर्दीत विचारलं, "मुखक्का, सर?" तोंडाला का? मी म्हणालो, "इल्ला, स्वल्प केळगे." नाही, जरा खाली. "कुत्तिगेगा?" मानेला? "इन्नू केळगे." आणखी खाली. मागे रांगेतल्या आजोबांनी एकदा मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि आपली बीपीची चिठ्ठी छातीशी धरली. कन्नडमध्ये चामखिळीला नरहुली म्हणतात, हे मला तिथेच कळलं. माझ्या तुटपुंज्या कन्नडात हुली म्हणजे वाघ. आपल्याकडे 1927 ते 1953 रघुनाथ कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवून असल्या विषयांवर उघड लिहिलं, खटले अंगावर घेतले. आणि मी दुकानात उभा राहून 'केळगे, केळगे' करतोय.

औषध लावायचं सोम, बुध, शुक्र. रात्री झोपताना हात धुऊन फक्त चामखिळीवर पातळसा थर, तो दिसेनासा होईपर्यंत चोळायचा, वर पट्टी नाही, पुन्हा हात धुवायचे. सहा ते दहा तासांनी साबणपाण्याने धुऊन टाकायचं. क्रीम अंगावर असताना संबंध नकोत. त्याने कंडोमही कमकुवत होतो. लावायचं चामखिळी जाईपर्यंत, पण जास्तीत जास्त सोळा आठवडे. हे औषध विषाणूला स्वतः मारत नाही, तिथल्या प्रतिकारशक्तीला हाका मारून उठवतं.

विसरायला नको म्हणून मी कालनिर्णयवर त्या त्या वारी बारीक ठिपके दिले. सांगलीच्या उन्हाला कंटाळून आलेल्या आईने ते दुसऱ्याच दिवशी हेरले. "सोळा सोमवार धरलेस वाटतं? शुक्रवार देवीचा. बुधवार कशाचा रे?" मी म्हणालो, "ऑफिसचा." तेव्हापासून आठवड्यातून तीनदा साबुदाण्याची खिचडी.

तिसऱ्या आठवड्यात मला घाई सुटली. पातळ थराने काय होणार म्हणून दोन रात्री भरपूर थापलं. वाघ जागा झाला. कातडी लालबुंद, आग आग, चाल घोड्यावरून नुकत्याच उतरलेल्या माणसाची. "उष्णता झाली," म्हणत आईने सब्जाचं पाणी पुढे केलं. बाईंनी क्रीम बंद करायला लावलं. थोडी लाली येणं अपेक्षितच, म्हणाल्या, पण जखम होईस्तोवर चोपडलं म्हणून लवकर गुण येत नाही. त्वचा निवली की पुन्हा सुरू, आणि एखादा वार चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचं नाही. आठवडाभर ठिपके बंद, तशी आई चिडली. "व्रत मोडलंस?"

अकराव्या आठवड्यात तिन्ही गेल्या. बाईंनी आरशात बघून खात्री करून घ्यायला सांगितली. पहिले तीन महिने त्या परत येण्याचा संभव जास्त, तेव्हा लक्ष ठेवा, म्हणाल्या.

घरी आलो तर आई कालनिर्णय उलगडून बसलेली. "सोळा काही झाले नाहीत तुझे. पण आता ठिपके दिसत नाहीत, तर उद्यापन करून टाकू. पाच मेहुणं बोलावते."

बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली.

"आई, तीन महिने थांब," मी म्हणालो.

"का रे?"

"मुहूर्त नाही."