चिरंजीवाच्या दारात
बारामतीजवळच्या कन्हेरीचा मारुती सात चिरंजीवांपैकी एक. पवार घराणं त्याच्यापुढं प्रचाराचा नारळ फोडतं, पण मागणं पाच वर्षांचंच असतं. अमेरिकेतले उद्योजक ब्रायन जॉन्सन मात्र म्हातारपणच नको म्हणून वर्षाला लाखो डॉलर ओततात.

ईस्टर बेटाच्या मातीत सापडलेल्या रॅपामायसिन या औषधानं उंदरांचं आयुष्य वाढतं, हे २००९ मध्ये दिसलं. (आपल्या ज्वारीच्या कणगीचं काय, हे कुणी विचारलं नाही.) जॉन्सननी ते औषध घेतलं आणि २०२४ मध्ये सोडलंही. माणसाचं म्हातारपण रोखणारी मान्यताप्राप्त गोळी आजही नाही. रक्तदाबाची आहे, स्वस्तही आहे. ती आपले आजोबा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर बंद करतात. आजोबा, डॉक्टरांना विचारून ती आधी चालू करा. अमरत्वाचं मारुती बघेल.