एक अक्षर मोठं पाहिजे

आमच्या अण्णांनी छत्तीस वर्षं तांड्यावरच्या शाळेत पोरांना बाराखडी शिकवली. परवा फोनमधल्या एका चौकटीनं त्यांना अक्षरात नापास केलं. ‘किमान एक अक्षर मोठं हवं.’ अण्णांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “किती मोठं रे?”

पेन्शन जमा झाली का, एवढंच बघायचं होतं. पण दर तीन महिन्यांनी जुना पासवर्ड मरतो आणि नव्याचं बारसं करायला मला नांदेडहून किनवटला यावं लागतं. कळफलक मीच कौतुकानं मराठी करून दिला होता. अण्णांनी ‘पैनगंगा’ लिहिलं. चौकट लाल. “यात मोठं कोणतं धरतात, पै का गं?” मग त्यांनी ‘सहस्रकुंड’ लिहून पाहिलं. जोडाक्षरापेक्षा मोठं अक्षर ते काय असणार? लालच. शेवटी, ऱ्हस्व-दीर्घापायी तीन पिढ्यांचे कान पिळलेल्या या माणसानं इकडंतिकडं बघून किनवटची वेलांटी दीर्घ केली. तरी लाल! बरं, आकडाही हवा होता. अण्णांनी ७ टाकला. तो आकडा नाही म्हणे.

आता हे मोठं अक्षर आणायचं कुठून? मराठीत ते नाही. राजाचं नाव आणि रानडुकराचं नाव आपण एकाच मापात लिहितो. आमच्या बाजारात तेलुगू चालते, तिच्या लिपीत नाही. आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दूत शिकले, त्या लिपीतही नाही. शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाळा गावी जुन्या पोथ्यांत गोंडी लिपी सापडली, तिची अक्षरंही सगळी एकाच उंचीची. १९५६ पर्यंत किनवट तालुका त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग तो नांदेडला जोडला, मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात आला. जिल्हा बदलला, राज्य दोनदा बदललं, कचेरीतली भाषा बदलली, आणि एवढ्या उलथापालथीत आमच्या एकाही अक्षराला आपण दुसऱ्यापेक्षा मोठं व्हावं असं वाटलं नाही. माणसांना वाटलं, ते सोडा. ती निवडणुकीला उभी राहतात.

खरं सांगू? इथवर हसलो, आता हसू येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. पेढे मीही खाल्ले. ती अभिजात भाषा पासवर्डाच्या चौकटीबाहेर चपला काढून उभी आहे, आणि महाराष्ट्रातल्या निवृत्त मास्तरला स्वतःची पेन्शन बघायला परक्या लिपीतलं मोठं अक्षर शोधावं लागतं. वर सगळे आपल्याला सांगतात, म्हाताऱ्यांना नवं काही जमत नाही हो! अहो, त्यांना जमतंय. तुमच्या चौकटीला मराठी जमत नाही. आणि हा नियम पवित्र म्हणावा, तर २०१७ साली खुद्द अमेरिकेच्या सरकारी सूचनांनी ही मोठ्या-छोट्या अक्षरांची आणि ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नका म्हणून सांगितलं. लांब पासवर्ड ठेवू द्या, म्हणाले. ती बातमी आपल्याकडं यायला बहुतेक अजून गाडीत जागा मिळालेली नाही.

शेवटी मी इंग्रजी मोठा ‘के’ आणि इंग्रजी आकडा शोधून दिला. चौकट हिरवी झाली. अण्णांनी पासवर्ड आईला सांगितला, “पहिलं अक्षर मोठं काढ,” असं बजावून. आईनं डाळीच्या कोठीवर खडूनं तो लिहिला. ‘के’ एवढा मोठा काढला, की ओसरीवर बसलेला माणूस चष्म्याशिवाय वाचतो. परवा दूधवाल्यानंही वाचला. सुरक्षा म्हणतात ती हीच असावी.

ज्यांच्या घरी असे अण्णा आहेत त्यांनी तीन-चार शब्दांचा लांब पासवर्ड करून द्यावा, वहीत लिहावा आणि वही कपाटात कुलपात ठेवावी. ओटीपी कुणालाच सांगू नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या मदत क्रमांकावर फोन लावा. आणि चौकटी बनवणाऱ्यांनो, ‘पैनगंगा’ लिहिलं तर घ्या. आमच्या कोठीवर आता जागा उरलेली नाही.