नामवंतांच्या पाठीवर

सेलिब्रिटी मसाज थेरपिस्ट हा मालिशवाल्यांमधला सर्वांत वरचा वर्ग. त्याचे तेल, अंगठे आणि घाम साध्या मालिशवाल्याचेच असतात. दर ठरतो भिंतीवरच्या फोटोवरून. जालन्यात या वर्गात शिरण्याचे टप्पे ठरलेले आहेत.

पहिला टप्पा प्रमाणपत्राचा. फिजिओथेरपीच्या पदवीला चार वर्षांहून अधिक काळ लागतो, म्हणून आठवड्याचा कोर्स पसंत केला जातो. दुसरा टप्पा मुंबईचा. ३० डिसेंबर २०२३ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाल्यापासून नामवंताच्या ड्रायव्हरपर्यंत लवकर पोचता येते. तिसरा टप्पा गिऱ्हाइकाचा. खेळाडू उत्तम, कारण क्रिकेट संघांबरोबर मसाज थेरपिस्टचे पदच असते. मालिकेतला नट चालतो. पुढारीही चालतो, पण तो जाकीट काढत नाही.

चौथा टप्पा फोटोचा, आणि धंद्याची खरी अडचण इथे आहे. माणूस प्रसिद्ध असतो चेहऱ्याने आणि मालिशीला झोपतो पालथा. टेबलाला चेहऱ्यासाठी भोक असते. ज्या चेहऱ्यावर सगळी कमाई, तो तासभर फरशी बघत असतो. वर उरते पाठ, आणि पाठ कुणाचीही असू शकते. पालथा नट आणि पालथा तलाठी ओळखण्याचे शास्त्र अजून निघालेले नाही. म्हणून फोटो मालिशीनंतर, कपडे घालून, उभ्याने काढतात. त्यात मालिशीचा पुरावा एवढाच, की थेरपिस्टचा हात नामवंताच्या खांद्यावर असतो आणि नामवंताला तो तिथे नको असतो. हा फोटो फ्लेक्सवर चढतो, फ्लेक्स चौकात लागतो. पहिल्या वर्षी थेरपिस्ट कोपऱ्यात असतो, दुसऱ्या वर्षी नामवंताएवढा होतो, तिसऱ्या वर्षी नामवंत कोपऱ्यात जातो. मग सावकाराचे पोर येऊन टेबलावर पालथे पडते, 'हेच का ते हात?' म्हणून विचारते आणि दुप्पट पैसे देऊन, मान होती तशीच आखडलेली घेऊन घरी जाते.

आता उरलेल्या पाठी. जालना जिल्हा बियाणे, सळई आणि मोसंबीसाठी ओळखला जातो; तिन्ही मालांचा भार कुणाच्या तरी पाठीवरूनच जातो. मोंढ्यात ५० किलोचे पोते हमाल उचलतो. अंबड, घनसावंगीकडच्या बाया दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढतात. राज्यात १९६९पासून माथाडी कायदा आहे, तरी हमालाची पाठ रगडल्याचा फोटो मिरवणारे मसाज सेंटर सापडायचे नाही. मणका झिजला की या लोकांना बाम मिळतो, तोही चौघांत एक डबी. आणि जी मावशी गल्लीतल्या प्रत्येक बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना तेल लावून न्हाऊ घालते, तिचे हजार-पाचशे देताना घरचे लोक घासाघीस करतात, वर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतात. लाज कशी वाटत नाही? आज फ्लेक्सवर हसणाऱ्या कितीतरी नामवंतांच्या अंगावर पहिला तेलाचा हात अशाच कुणा मावशीने फिरवलेला असतो. फोटो कुणी काढला नाही, कारण गिऱ्हाईक तेव्हा दुपट्यात होते.

शेवटचा टप्पा अकादमीचा. हात दुखू लागले की थेरपिस्ट अकादमी काढतो आणि फोटोला कसे उभे राहावे ते शिकवतो. पाठ दुखणाऱ्याने भिंत बघू नये, हात बघावेत. आणि घरी मावशी येत असेल तर तिचे पैसे आजच द्यावेत.