नाव बदलले आहे, बाकी सगळे तेच

माणसाची गोपनीयता त्याच्या नावात मावते, अशी आपल्या कचेऱ्यांची आणि छापखान्यांची गाढ श्रद्धा आहे. ‘सातपूरच्या कारखान्यात कामाला असलेली, गेल्याच महिन्यात माहेरी परतलेली, शाळेमागच्या चाळीत राहणारी ३४ वर्षीय विवाहिता’ असे खुशाल छापावे आणि खाली ‘नाव बदलले आहे’ अशी टीप टाकावी. त्या चाळीत अंक पोचेपर्यंत टीप तेवढी वाचायची उरलेली असते. निदान नाशिककरांनी तरी या भ्रमात राहू नये. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वह्या राखून आहेत; मूळ गाव आणि आडनाव सांगा, पणजोबांच्या नावाचे पान उघडून देतात. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड यांवरून ८७ टक्के अमेरिकन ओळखू येण्याजोगे आहेत, असा हिशेब संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली मांडला, तेव्हा तिकडे खळबळ उडाली. आपल्याकडे त्याची दक्षिणा ठरलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात ११ डिसेंबर २०१८ रोजी बजावले, की बलात्कारपीडितेची ओळख दूरान्वयानेही पटेल असा तपशील छापू नये. आपण त्यातले नाव तेवढे उचलले, ‘दूरान्वय’ छापखान्याबाहेर ठेवला.

आता ओळख पटवणारे तपशील खोडण्याचे काम संगणक करील, असे कुणी म्हणेल. करीलही. पण देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी-लहान अक्षरे नाहीत आणि आपली निम्मी नावे शब्दकोशातून आलेली. कच्च्या यंत्राच्या हाती बातमी दिली, तर निवडणुकीतला ‘विजय’ आणि शेतकऱ्याची पावसाची ‘आशा’ काळी होईल आणि चाळीचा पत्ता शाबूत राहील. त्यात पीडीएफवर नुसती काळी पट्टी चिकटवली, तर खालचा मजकूर कॉपी करून कुणीही वाचतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: एवढे सगळे खोडले, तर बातमीत आणि सरकारी कागदात उरणार काय? उरायला हवे ते हेच, की पैसा कुणी मंजूर केला, सही कुणाची, काम कुठे झाले. खोडायचे ते लाभार्थ्याचा मोबाईल, आजार, खातेक्रमांक. व्यवहारात शाई नेमकी उलटी फिरते. नागरिकाच्या वैयक्तिक विदेच्या रक्षणासाठी म्हणून २०२३ साली कायदा आला आणि त्याच्या कलम ४४(३)ने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले. विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही, ही तिथली ओळ गेली. वैयक्तिक म्हटले की नकार देण्याची सोय झाली. नोव्हेंबर २०२५पासून हे लागू आहे. म्हणजे चाळीतली बाई उघडी आणि साहेबांच्या सहीला बुरखा! कलम ८(२) मात्र अजून जागेवर आहे: सार्वजनिक हित मोठे असेल, तर माहिती देता येते. अर्ज करणाऱ्यांनी ते कलम आकड्यासकट अर्जात लिहावे.